पिंजरा मागण्याआधी

प्रति,
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून असलेल्या बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड आणि ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी व सभासद यांस,



पावसाळा सरला की दरवर्षी आपल्यापैकी कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसतो. रात्रीचे दोन-अडीच वाजलेले असतात. मागच्या भिंतीवरून तो खाली उतरतो, पार्किंगमधल्या गाड्यांच्या रांगेतून चालत जातो, कधी एखाद्या कुत्र्यावर झेप घालतो, कधी नुसताच वास घेत उभा राहतो आणि आल्या वाटेने निघून जातो. सकाळी सहापर्यंत ती क्लिप सगळ्या ग्रुपवर पोचलेली असते. दुपारी वाहिनीची गाडी दारात उभी राहते. संध्याकाळी सोसायटीच्या लेटरहेडवर वनखात्याला अर्ज जातो : ताबडतोब पिंजरा लावा, बिबट्याला पकडा आणि दूर कुठेतरी नेऊन सोडा. सोबत सभासदांच्या सह्या आणि लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र.

हे पत्र त्या अर्जाबद्दल आहे. मीही याच हद्दीलगत राहते. घरात लहान मूल असले की अशी क्लिप पाहून पोटात गोळा येतो, हे मला कोणी सांगायला नको. तुमची भीती खोटी नाही. पण तुम्ही मागता तो उपाय धोका वाढवणारा आहे, आणि जे आपल्या हातात आहे ते करायचे मात्र राहून गेले आहे. म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. राग मानू नये.

आधी आपण कुठे राहायला आलो आहोत ते पाहू. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. तीन बाजूंनी शहर, उत्तरेला वसईची खाडी. २०१८ मध्ये उद्यान आणि आसपासच्या परिसरात कॅमेरा ट्रॅप लावून गणना झाली, तेव्हा ४७ बिबटे नोंदले गेले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, त्यामुळे एकच जनावर दोनदा मोजले जात नाही. एवढ्याशा जंगलात इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. चितळ, सांबर, भेकर, माकडे, रानडुकरे, उदमांजरे असे त्यांचे हक्काचे भक्ष्य जंगलात आहे. शिवाय जंगलाच्या कडेला आपण पोसलेली भटकी कुत्री आहेत. बिबट्या रात्री हद्दीबाहेर येतो यात नवल नाही. आरेच्या गवताळ माळांवर, भांडुप-मुलुंडच्या उतारांवर, येऊरच्या पायथ्याशी तो पिढ्यान्‌पिढ्या फिरत आला आहे. भिंत आपण नंतर बांधली, आणि अनेक ठिकाणी त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच बांधली. एरवी आपल्या नकळत तो किती वेळा येऊन जातो, याची कल्पना पहाटे फेरी मारणाऱ्या वॉचमनला विचारल्यावर येते. वर्षानुवर्षे तो आपल्याला टाळत आला आहे, हे त्यातून कळते.

आता पिंजऱ्याविषयी. महाराष्ट्राने हा प्रयोग पुरेपूर करून पाहिला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात उसातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून इतर जंगलांत नेऊन सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुढे अभ्यास केला. स्थलांतराच्या आधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. स्थलांतर सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. मुंबईला याची झळ लागलीच. बाहेर पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडण्याचे प्रकार त्या काळात झाले होते, आणि २००४ च्या एकट्या जून महिन्यात उद्यानाच्या परिसरात दहाच्या आसपास माणसे बळी गेली. तो महिना बोरिवली-मुलुंडची जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत.

असे का होते, हे समजायला फार शास्त्र लागत नाही. वयात आलेला बिबट्या एक हद्द धरून राहतो. त्या हद्दीतली पाण्याची जागा, माणसांची वर्दळ, कुत्र्यांचे अड्डे, कुठल्या वेळी कुठून जायचे नाही, हे सगळे त्याला पाठ असते. त्याला उचलून अनोळखी मुलखात सोडले की तो घाबरलेला, जखमी, उपाशी असतो. तिथले बिबटे त्याला टिकू देत नाहीत. मग तो वस्त्यांच्या कडेकडेने परत फिरतो. पकडताना पिंजऱ्याच्या गजांवर दात मारून सुळे तुटलेले असतील, तर हरणामागे धावणे त्याला जमत नाही. मादी पकडली गेली तर तिची अर्धवट वाढलेली, शिकार न शिकलेली पिल्ले मागे राहतात. आणि इकडे आपल्या सोसायटीमागची मोकळी झालेली हद्द महिन्या-दोन महिन्यांत दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. म्हणजे माणसाला टाळायला शिकलेले जनावर घालवून न शिकलेले जनावर आपण मागून घेतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये बिबट्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात याच कारणाने सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला विरोध केला आहे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही. त्यामुळे तुमच्या अर्जावर पिंजरा लावला नाही म्हणून वनरक्षकाला शिवीगाळ करू नका. एवढे जंगल पायी पालथे घालणारा तो माणूस आपल्याच सुरक्षिततेसाठी नकार देत असतो.

‘आजोबा’ नावाच्या बिबट्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या वयस्क नराला वर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तिथून तो मुंबईच्या दिशेने चालत निघाला. वाटेत महामार्ग ओलांडले, वसईची खाडी पोहून पार केली आणि तो या उद्यानापाशी पोचला. सव्वाशेएक किलोमीटरचा हा प्रवास त्याने शेतांतून, गावांच्या शेजारून केला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याला आपण मारले ते रस्त्याने.

आता आपल्या घरची गोष्ट. आमच्याच भागातल्या एका मोठ्या संकुलात बिबट्या दिसल्यावर बैठक बोलावली होती, मी पाहुणी म्हणून गेले होते. क्लबहाऊसमध्ये दोन तास पिंजऱ्यावर चर्चा झाली. संपल्यावर मी मागच्या भिंतीशी जाऊन आले. जनरेटरच्या खोलीमागे ओल्या कचऱ्याचे सहा डबे, झाकण एकालाही नाही. आदल्या रात्रीच्या हॉलमधल्या समारंभाचे उरलेले अन्न काळ्या पिशव्यांत भरून डब्यांच्या बाजूला टेकवलेले. पिशव्या फाटलेल्या, बिर्याणीतली हाडे नाल्यापर्यंत ओढत नेलेली. जनरेटरच्या ऊबेला सात-आठ कुत्री झोपलेली, शेजारी सभासदांनी प्रेमाने ठेवलेल्या स्टीलच्या थाळ्या. आणि भिंतीखालून जंगलात जाणाऱ्या पावसाळी नाल्याच्या तोंडावरची जाळी निखळून बाजूला पडलेली. नाल्याच्या चिखलात पंजाचे ठसे होते. बैठकीच्या इतिवृत्तात यातल्या कशाचाही उल्लेख नाही. ठराव एकच : पिंजरा.

या उद्यानातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला आहे. त्यांच्या आहारात सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांचा निघाला. २०१८ च्या एका शोधनिबंधात तर असा अंदाज मांडला होता की उद्यानालगतचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे श्वानदंशाच्या घटना कमी होतात. म्हणजे उघड्या कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, अशी ही साखळी आहे. तिचे पहिले टोक महापालिकेच्या आणि आपल्या हातात आहे. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या सभासदांशी माझे भांडण नाही. पण खाणे भिंतीलगत घालू नका, संध्याकाळनंतर घालू नका, आणि निर्बीजीकरणासाठी पालिकेकडे तेवढ्याच चिकाटीने पाठपुरावा करा. पिंजऱ्यासाठी सह्या गोळा होतात, झाकणाच्या डब्यांसाठी होत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

दिव्यांबद्दलही बोलायला हवे. सोसायटीच्या आतल्या वाटा, खेळाची जागा, वॉचमनची केबिन ते गेट हा पट्टा रात्री नीट उजेडात असलाच पाहिजे. तिथे कंजुषी नको. पण गच्चीवरून जंगलाकडे तोंड करून लावलेले फ्लडलाइट कशासाठी? त्यांनी बिबट्या थांबत नाही. रात्रीचे पक्षी, पतंग, वटवाघळे, सगळ्यांची घडी मात्र विस्कटते. तीच गत आवाजाची. येऊरच्या पायथ्याशी लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजतो, तेव्हा तो आवाज डोंगरात कुठवर जातो, हे एकदा आत आदिवासी पाड्यात राहणाऱ्या माणसाला विचारून पाहा. त्या हॉलची बुकिंगे आपणच करतो. परवाना देणाऱ्यांना जाब विचारायचाच आहे, पण हॉल ठरवतानाही थोडा विचार व्हावा.

पाड्यांचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ते हे. बिबट्याच्या हल्ल्यांत मेलेल्यांची यादी काढा. त्यात टॉवरमधले लोक जवळजवळ नाहीत. आहेत ती झोपडपट्टीतली आणि पाड्यांतली माणसे, आणि त्यांतही बहुतेक मुले. संध्याकाळी शौचाला उघड्यावर जावे लागणारी, पाण्यासाठी अंधारात चालत जाणारी. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये दीड वर्षाची एक मुलगी गेली. दिवाळी होती आणि घराबाहेर अंधार होता. आपल्या भीतीला वाहिन्या येतात, त्यांच्या मरणाला चार ओळी येतात. दारापर्यंत वीज, वस्तीत शौचालय आणि वेळेवर उचललेला कचरा एवढे मिळाले असते, तर यातले कित्येक जीव वाचले असते, असे माझे ठाम मत आहे.

आणि हीच माणसे जंगल बिघडवतात, असा सूर आपल्या बैठकांत निघतो. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने याचिका केली, १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जंगल वाचवायला ते आवश्यक होते असे मानणाऱ्यांपैकी मीही आहे. पण ज्या जंगलातून कायद्याने झोपडी हटली त्याच जंगलाच्या कडेला तीस-चाळीस मजले उभे राहतात, त्यांच्या जाहिरातीत जंगल हीच विक्रीची मुख्य वस्तू असते, आणि मग त्या घरांत आलेला माणूस जंगलातल्या प्राण्याविरुद्ध अर्ज करतो. हा न्याय नाही. वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबे इथे आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. वाघोबाला ते देव मानतात, वाघबारशीला त्याची पूजा करतात, आणि संध्याकाळनंतर मुलांना एकटे बाहेर सोडत नाहीत. शेजारी कसे राहावे हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंपासूनच सुरुवात करता येईल.

मोठ्या प्रकल्पांविषयी थोडेच लिहिते, पण अर्ज करण्याची आपली सवय तिथे खरी उपयोगी पडेल. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती ५९.४६ चौरस किलोमीटरचे पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. काही ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम शंभर मीटर आहे. म्हणजे जिथे दाब सगळ्यांत जास्त, तिथे उशी सगळ्यांत पातळ. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे सुमारे पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवलीचे दहा किलोमीटरहून लांब बोगदे उद्यानाखालून जात आहेत. जंगलावरून रस्ता नेण्यापेक्षा खालून बोगदा बरा, हे मी मान्य करते. पण बोगद्याची तोंडे जंगलाच्या कडेलाच उघडतात. खोदाईचा राडारोडा कुठे पडतो, तिथले दिवे आणि आवाज कसे आहेत, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडे जगली का, हे रोज डोळ्यांसमोर दिसणारे आपणच आहोत. बिबट्याची क्लिप काढता येते, तशी राडारोड्याच्या डंपरचीही काढता येते.

उत्तरेकडे तर याहून गंभीर गोष्ट आहे. खाडीपलीकडचा नागला भाग आणि त्यापुढचे तुंगारेश्वर अभयारण्य यांच्यामधून महामार्ग, राज्य रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग जातात. प्राण्यांची ही येण्याजाण्याची वाट बंद झाली की उद्यान बेट होईल. बाहेरून नवे रक्त येणार नाही आणि आतली तरुण जनावरे जागा शोधायला आपल्याच पार्किंगमध्ये येत राहतील. प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि उड्डाणमार्ग हे खर्चाचे लाड नाहीत, आपल्या सोसायटीच्या सुरक्षेचाच भाग आहेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे पडली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी तरुण मुले-मुली रस्त्यावर उतरली होती. त्यांचा मला आजही अभिमान आहे. ते जे वाचवायला उतरले होते ते किती मोलाचे आहे पाहा. आरेच्या नावावरून ज्याचे शास्त्रीय नाव पडले असा विंचू तिथे सापडला आहे, ‘लायकस आरेएन्सिस’. वाघाटीसारखे दुर्मीळ रानमांजर उद्यानात दिसले आहे. दर आठ वर्षांनी कारवी फुलते, २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली, तेव्हा आपण कुटुंबासह पाहायला गेलो होतो. आणि ज्यांना यातले काहीच महत्त्वाचे वाटत नाही, त्यांनी पाण्याचा विचार करावा. १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी हे तलाव या जंगलाच्या कुशीत आहेत आणि आजही मुंबईला पाणी देतात. दहिसर नदी इथून निघते, विहारच्या सांडव्यातून मिठी वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने काय केले ते आपण पाहिले. डोंगरावरची झाडे-माती गेली तर पुढचा पूर जास्त वेगाने आपल्याकडे येईल.

म्हणून माझ्या विनंत्या. कचऱ्याला झाकण घाला आणि तो भिंतीपासून दूर न्या. नाल्याच्या तोंडावरची जाळी बसवा. जंगलाकडे तोंड केलेले दिवे बंद करा. वॉचमनला, सफाई कामगारांना आणि मुलांना संध्याकाळनंतर एकटे न फिरण्याची, खाली न बसण्याची, मोबाइलवर गाणी लावून चालण्याची सवय लावा. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, कोंडू नका, टॉर्च घेऊन मागे धावू नका. त्याला निघून जायला वाट द्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अडकलेल्या बिबट्याभोवती जमलेल्या गर्दीमुळेच अनेकदा माणसे जखमी होतात. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या नावाने हेच सांगत आहेत. त्यांना आपल्या सोसायटीत बोलवा. शेजारच्या पाड्याला शौचालय आणि दिवे मिळावेत म्हणून आपल्या लेटरहेडवर पत्र द्या, त्या लेटरहेडला पालिकेत वजन आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला की वास्तुविशारदाला मागच्या भिंतीचे, दिव्यांचे आणि कचऱ्याच्या जागेचे नियोजन आधी विचारा, क्लबहाऊसचे नंतर.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हे विषय घ्यावेत आणि इतिवृत्तात ठराव नोंदवावेत, एवढे माझे मागणे आहे. त्यानंतरही कोणाला पिंजऱ्यासाठी सह्या गोळा कराव्याशा वाटल्या, तर अर्ज पाठवण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा मागच्या भिंतीशी स्वतः जाऊन यावे.

आपली,
राष्ट्रीय उद्यानालगत राहणारी एक शेजारीण